चार ओळींत बसेल एवढं

"ताई, फळ्यावर समदं येतं का? म्हंजी, जेवढं लिहिलंय तेवढं?"

अनुसया लोहारने पुस्तक टेबलावर ठेवलं आणि पदराला हात पुसले. स्टँडच्या वळणावर तिचं फॉल-पिकोचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक मशीन, एक स्टूल आणि वर पत्रा. मशीनचं तेल लागू नये म्हणून नेलेल्या प्रत्येक पुस्तकाला ती वर्तमानपत्राचं कव्हर घालायची. परत करताना ते काढून, घडी करून पिशवीत ठेवायची, पुढच्या पुस्तकासाठी. माझ्या तीनशे बारा सभासदांत असं करणारी ती एकटी.

"चार ओळींत बसेल तेवढं येतं," मी म्हणाले.

"आन् न्हाईच बसलं तर?"

"मी बसवते की."

मग चार घड्या घातलेला कागद तिने अभिप्रायाच्या पेटीत टाकला, आणि पेटीच्या फटीकडे एकदा बघून घेतलं. पोस्टात मनीऑर्डर दिल्यावर बायका खिडकीकडे बघतात तसं.

"आठल्ये मॅडम वाचत्यात ना फळा? ऐतवारी?"

"न चुकता."

"मग झालं," म्हणाली आणि गेली. त्या दिवशी तिने दुसरं पुस्तक नेलंच नाही. ते माझ्या लक्षात आलं होतं. का नेलं नाही, असं मात्र मी विचारलं नाही.

ही पद्धत आमच्या वाचनालयाची खास. पुस्तक परत करताना वाचकाने चिठ्ठीवर अभिप्राय लिहायचा, खाली नाव न घालता नुसता सभासद क्रमांक. शनिवारी दुपारी मी पेटी उघडायची आणि निवडक अभिप्राय दारातल्या मोठ्या फळ्यावर खडूने लिहायचे. रविवारी सकाळी देवळात जाणारं-येणारं सगळं गाव तिथे थांबायचं.

मी ते नुसते उतरवत नसे. सुधारत असे. मी आठवी पास, नवऱ्याने टाकलेली. वाचनालयात आले ती झाडायला. पुस्तकांवरची धूळ पुसता पुसता वाचायला लागले. अध्यक्ष नाना शेट्यांनी ते पाहिलं आणि हातातला झाडू काढून खडू दिला. बाहेरून दहावी करायला लावली, अक्षर वळवून घेतलं, पुस्तकं लावायला शिकवली. पाच वर्षांत मी ग्रंथपाल झाले. त्यामुळे दुसऱ्याचं वाक्य नीटनेटकं करताना मला जरा जास्तच आनंद व्हायचा, हे कबूल करते.

त्या वर्षी, म्हणजे सत्त्याण्णव साली, 'सरकारतर्फे मृणाल दिघे' या कादंबरीने गावाला वेड लावलं होतं. मृणाल दिघे ही सरकारी वकील. खुनाची केस चालवता चालवता तिच्या लक्षात येतं की आपण ज्याला शिक्षा मागतोय त्याने खून केलेलाच नाही. मग ती एका घाबरलेल्या साक्षीदाराला बोलतं करते आणि भर कोर्टात उठून सांगते, आरोपी निर्दोष आहे. आमच्याकडे प्रत एकच, आणि वाट बघणारे एकवीस. त्यात कुणीतरी चाळिसाव्या पानावर पेन्सिलने लिहून ठेवलं होतं, "खुनी मेहुणा आहे. वेळ घालवू नका."

अभिप्रायांचा तर पाऊस. कोर्टातून नाझर म्हणून निवृत्त झालेले बर्गेकाका लिहितात, "कोर्टात असे होत नाही. पान ९६ वर न्यायाधीश स्वतः उठून खिडकी उघडतात. शिपाई कशाला ठेवला आहे?" तलाठ्यांच्या सौभाग्यवतींनी लिहिलं, "बाई हुशार आहे पण तीनशे पानांत एकदाही पोळी लाटत नाही. मग घरात करतं कोण ते लेखकाने सांगायला हवं होतं."

बर्गेकाकांचं मी फळ्यावर असं लिहिलं होतं: "न्यायालयीन वातावरणाच्या चित्रणात लेखकाने अधिक काटेकोर राहायला हवे होते." रविवारी काका फळ्यापुढे उभे राहून ते स्वतःच्या डायरीत उतरवून घेत होते. मला म्हणाले, "हेमाताई, तुम्ही लिहिलं की मला माझाच आदर वाटायला लागतो."

अशा वाक्यांवर माणूस फुगतो. मीही फुगले होते.

आता जीपचं सांगायला हवं.

अनुसया ती चिठ्ठी टाकून गेली त्याच्या तीन महिने आधी, भर बाजाराच्या दिवशी, स्टँडच्या वळणावर नाना शेट्यांच्या जीपने केरबा दूधवाल्याला उडवलं. म्हातारा सायकलवर होता. दवाखान्यात नेईपर्यंत गेला. जीपमध्ये दोघं होते. नानांचा ड्रायव्हर विलास गुरव, आणि नानांचा एकोणीस वर्षांचा मुलगा अभय, ज्याच्याकडे लायसन नव्हतं. विलासने चौकीत जाऊन सांगितलं, "मीच चालवत होतो." तेरा वर्षं तो त्या घरात होता. अभयला पहिलीत शाळेत सोडणारा तोच.

अभय दुसऱ्या दिवशी पुण्याला मामाकडे गेला. आता मामाकडे कुणी केव्हाही जाऊ शकतं. गाव एवढंच म्हणालं आणि गप्प बसलं. बाजाराच्या दिवशी वळणावर निदान पन्नास माणसं असतील. त्यातल्या एकानेही काही पाहिलं नव्हतं.

त्या चिठ्ठीनंतरच्या मंगळवारी विलासची तारीख होती. गुन्हा कबूल करायचा, दंडावर सुटशील, असं शेट्यांच्या वकिलाने त्याला सांगितलं होतं. सरकारी वकील होत्या आठल्ये मॅडम. रोहिणी आठल्ये, तिशीच्या, लुनावरून कोर्टात जाणाऱ्या. गावात बाई वकील पहिलीच, त्यामुळे 'सरकारतर्फे' वाचताना प्रत्येकाने मृणाल दिघेला आठल्ये मॅडमचाच चेहरा लावला होता.

शुक्रवारी संध्याकाळी मॅडम आल्या, कादंबरीवर बोट आपटून म्हणाल्या, "ही तुमची मृणाल एका दिवसात तीन साक्षीदार शोधते. मला तीन महिन्यांत एक सापडत नाही."

"कुठल्या केसमध्ये?" माहीत असून मी विचारलं.

"त्या जीपच्या. मला तो विलास पटतच नाही हो. त्याला विचारलं, ब्रेक कधी मारलास? तर माझ्याकडे बघत बसला. मग म्हणतो, मारला की. तो गुन्हा कबूल करणार, आणि मी तिथे उभी राहून शिक्षा मागणार. कुणीतरी एकाने येऊन तोंड उघडलं असतं, तर मी कोर्टाला पुढचा तपास करायला सांगितलं असतं. पण मीच दारोदार विचारत फिरले, तर उद्या वकील म्हणेल, साक्षीदार तयार केला." त्यांनी पुस्तक माझ्याकडे सरकवलं. "माझा अभिप्राय लिहा, अतिशय खोटी कादंबरी. आणि तरी मी दोनदा वाचली."

शनिवारी जेवणानंतर नाना आले. रोज यायचे तसेच, पांढरं धोतर, हातात छत्री. एवढंच की त्या दिवशी खडूची नवी पेटी घेऊन आले.

"हेमा, आज काय लिहिणार फळ्यावर?"

"अजून पेटी उघडायचीय, नाना."

"हं." ते खुर्चीवर बसले. पुन्हा उठले. दाराशी जाऊन कोऱ्या फळ्याकडे बघत उभे राहिले. "तुला योग्य वाटेल ते लिही बाळ. फळा तुझा आहे."

तीन महिन्यांत माणूस दहा वर्षांनी म्हातारा झाला होता. ते गेल्यावर मी पेटी उघडली. सहा चिठ्ठ्या होत्या. अनुसयाची सगळ्यात खाली. जशी होती तशी इथे देते:

"वकीलबाई मला आवडली. ती साक्षीदाराला तीनदा विचारते, भिऊ नको, तू काय बघितलं. मला कोणी एकदापण विचारलं नाही. माझं दुकान स्टँडच्या वळणावर आहे. त्या दिवशी मशीन चालू होती, तोंड रस्त्याकडे होतं. जो गाडी चालवत होता तो उतरलाच नाही. जो उतरला तो डाव्या बाजूनं उतरला. त्यानं म्हाताऱ्याचं डोकं मांडीवर घेतलं. त्यालाच धरून नेलं. मी आपणहून कोर्टात गेले तर मला दुकान लावू देणार नाहीत. पण पुस्तकातल्या बाईसारखं कोणी विचारायला आलं तर मी सांगीन. खोटं बोलणार नाही. सभासद नंबर १८४."

मी ती तीनदा वाचली. मग उठून दार लोटून घेतलं. भर दुपारी, वाचनालय उघडं असताना. असं मी कधी केलं नव्हतं.

भिंतीवर नियमांची पाटी होती, नानांनीच करून घेतलेली. नियम तिसरा: अभिप्राय केवळ पुस्तकाविषयी असावा. मी त्या पाटीकडे बघितलं आणि मला हायसं वाटलं. ते हायसं वाटणं अजून आठवतं.

बघा, मला कुणी काही सांगितलेलं नव्हतं. धमकी नाही, विनंती नाही. ती चिठ्ठी मी तशीच मॅडमच्या घरी नेऊन देऊ शकले असते, दहा मिनिटांची वाट. नेली नाही. मला नानांचं धोतर दिसत होतं, त्यांनी मला गिरवायला दिलेला पहिला 'क' दिसत होता. विलास काय, दंड भरून सुटेल. अनुसयाचंही भलंच, उगाच कोर्टाच्या पायऱ्या कशाला. एकेक कारण मी फार नीटनेटकं केलं.

मग खुर्चीवर चढले आणि चांगल्या वळणदार अक्षरात लिहिलं:

"१८४ : सरकारी वकील असलेल्या नायिकेचे चित्रण मनाची पकड घेते. घाबरलेल्या साक्षीदाराला ती धीर देते तो प्रसंग अविस्मरणीय! अशी वकील प्रत्येक गावात असावी."

तीन ओळींतच बसलं. एक ओळ उरली.

रविवारी सकाळी सातला मी दार उघडलं, तर अनुसया रस्त्याच्या पलीकडे कडुलिंबाखाली उभी. न्हालेली, धुवट लुगडं, हातात पिशवी. फळ्यापाशी आली नाही. ती लुनाची वाट बघत होती.

लुना आली. आठल्ये मॅडमनी नेहमीप्रमाणे उभ्याउभ्या सगळा फळा वाचला. बर्गेकाकांच्या नव्या ओळीवर हसल्या. मग १८४ वर आल्या. मी दारात, हातात फडकं.

"हा एकशे चौऱ्याऐंशी कोण आहे हो?"

"नावं सांगायची नाहीत, मॅडम. नियम आहे."

"असू दे. 'अशी वकील प्रत्येक गावात असावी.' छान वाटलं." त्यांनी लुनाला किक मारली. "परवा कोर्टात उभी राहीन ना, तेव्हा आठवेन."

पलीकडे अनुसयाने मॅडमना वाचताना पाहिलं होतं. आता त्या मान वळवतील, इकडेतिकडे बघतील, आपल्याला शोधतील, म्हणून तिने दोन पावलं पुढेही टाकली होती. मॅडम हसल्या आणि तिच्या समोरून निघून गेल्या.

मग ती फळ्यापाशी आली. वाचताना ती ओळीखालून बोट फिरवायची, तसं फिरवलं. खडू बोटाला लागला.

"ही माझी?"

"हो."

तिने पुन्हा वाचलं. मला वाटलं ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"लई ग्वाड लिवलंय, ताई," ती म्हणाली. "म्या एवढं ग्वाड म्हनले नव्हते."

"अनुसया, त्याचं असं आहे, नियमात बसत नाही ते..."

"तुमीच म्हनला हुता, मी बसवते."

पिशवीतून तिने सभासद कार्ड काढलं आणि उंबऱ्यावर ठेवलं. माझ्या हातात दिलं नाही. शेजारी वर्तमानपत्राचं ते घडी केलेलं कव्हरही ठेवलं. बोटाचा खडू पदराला पुसला आणि गेली.

मंगळवारी विलासने गुन्हा कबूल केला. दंडावर सुटेल, असं ज्याने-त्याने सांगितलं होतं. न्यायाधीशांनी एक वर्षाची कैद सांगितली. आठल्ये मॅडमची वर्षभरात बदली झाली. जाताना माझ्यासाठी एक शाईपेन ठेवून गेल्या, "सुंदर अक्षरासाठी" म्हणून. ते मी आजवर उघडलेलं नाही.

सव्वीस वर्षं झाली. फळा अजून आहे, पेटीही आहे, चिठ्ठ्या तेवढ्या कमी झाल्या. अनुसयाचं दुकानही तिथेच आहे, पत्र्याच्या जागी आता स्लॅब. इतकी वर्षं माझ्या साड्यांना फॉल मी दुसऱ्या गावाहून लावून आणते. लोकांना वाटतं माझी आवड वेगळी आहे. विलास सुटून आला त्यानंतर त्याने स्टिअरिंगला हात लावला नाही. स्टँडवर सायकली सांभाळतो, दुपारी अनुसयाच्या दुकानाच्या सावलीत बसतो. अभय शेटेची तेलाची गिरणी मोठी झाली. भला माणूस आहे. वाचनालयाला दर वर्षी पुस्तकं देतो. पावती मी फाडते.

गेल्या वर्षी नाना अंथरुणाला खिळले. मी रोज संध्याकाळी पेपर वाचून दाखवायला जायची. एक दिवस त्यांनी पेपरावर हात ठेवला.

"हेमा, त्या पेटीची दुसरी किल्ली कुणाकडे होती, आठवतं?"

"तुमच्याकडे, नाना."

"त्या शनिवारी सकाळी तू यायच्या आत मी उघडली होती. अनुसयाने चिठ्ठी टाकलेली मला समोरच्या दुकानातून दिसली होती. वाचली, तशीच घडी घातली आणि तळाशी ठेवली."

मी पेपरची घडी घातली.

"रविवारी तांबडं फुटायच्या आत येऊन फळ्यापुढे उभा होतो मी. ठरवून आलो होतो. तू ते लिहिलं असशील, तर पुण्याला जायचं, अभयच्या दंडाला धरायचं आणि त्याला चौकीत आणून उभा करायचा." त्यांना धाप लागली. "तू नाही लिहिलंस. वाचवलंस बघ आम्हाला."

"नाना, तुम्ही आपणहून का नाही नेलंत?"

त्यांनी नजर छताकडे वळवली. "तेच तर. मला वाटलं, तू लिहिशील."

म्हणजे त्या एका फळ्यापाशी तिघं वाट बघत होते. अनुसया मॅडमची वाट बघत होती, मॅडम साक्षीदाराची, नाना माझी. आणि खडू माझ्या हातात होता, तर मी नियम तिसरा बघत होते. नाना खरं बोलले की मरताना माणूस स्वतःचंही वाक्य नीटनेटकं करतो, हे मला सांगता येणार नाही. दिवाळीनंतर ते गेले.

त्यांच्या तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी मी कपाटातून जुनं रजिस्टर काढलं. १८४ च्या पानात ती चिठ्ठी होती, चार घड्यांची. ती घेतली आणि सव्वीस वर्षांनी स्टँडच्या वळणावर गेले.

अनुसयाला आता चष्मा आहे. तिने माझ्याकडे पाहिलं, मशीन थांबवली नाही.

"फॉल लावायचाय?"

"नाही." मी कागद तिच्यासमोर धरला.

मशीन थांबली. तिने बोट फिरवत पहिली ओळ वाचली.

"माजं अक्षर."

"हो."

"फाडली न्हाई?"

"नाही."

"कशाला ठिवली?"

या प्रश्नाचं उत्तर मी वाटेत तयार केलं होतं, चांगलं दोन वाक्यांचं. ते मी बाजूला ठेवलं. नानांनी काय सांगितलं ते मी तिला सांगितलं, तिने मान हलवली, जणू कुठल्या लांबच्या गावची बातमी.

शेजारी, सावलीला, विलास सायकलींचे बिल्ले तारेत ओवत बसला होता. केस पार पांढरे झालेले. आम्ही काय बोलतोय याच्याकडे त्याचं लक्ष नव्हतं.

"त्याला ठाऊक न्हाई," अनुसया हळू आवाजात म्हणाली. "रोज हितं बसतोय. मी बघितलं हुतं, आन् लिवलंबी हुतं, हे त्याला ठाऊक न्हाई. मला त्वांडच झालं न्हाई सांगायचं. तुमच्यागत म्याबी गप्पच बसले की."

"तू लिहिलं होतंस, अनुसया."

तिने कागद माझ्याकडे परत केला. मला वाटलं, नको म्हणतेय. तिने स्टूल ओढून माझ्यापुढे ठेवलं.

"बसा. वाचून दावा त्याला. जसं हाय तसं. येक अक्षर इकडचं तिकडं करू नगा."

मी बसले. "विलासभाऊ," मी हाक मारली, "हे जरा ऐका." त्याने मान वर केली.

मी वाचायला लागले. वकीलबाई मला आवडली. मला कोणी एकदापण विचारलं नाही. माझं दुकान स्टँडच्या वळणावर आहे. माझा आवाज फळ्यासारखा नव्हता, नुसताच होता. जो गाडी चालवत होता तो उतरलाच नाही. विलासच्या हातातली तार थांबली. जो उतरला तो डाव्या बाजूनं उतरला. त्यानं म्हाताऱ्याचं डोकं मांडीवर घेतलं.

"पाणी मागत हुता तो," विलास म्हणाला.

मी कागद खाली घेतला.

"केरबा. पाणी मागत हुता. माझ्याकडं नव्हतं." त्याने बिल्ले खाली ठेवले. "कुनी विचारलंच न्हाई कधी."

मग म्हणाला, "म्होरं वाचा, ताई. अजून हाय ना?"

"आहे," मी म्हणाले, आणि पुढची ओळ वाचली.